आग लागलीच नाही, तर कर कशाला?

प्रश्न : अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेसाठी पालिका मालमत्ता कर वाढवणार आहे. आमच्या घराला कधी आग लागली नाही. बंब तर दिवसभर उभाच दिसतो. मग हा भुर्दंड कशाला?
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, बंब उभा दिसतो तेच बरं! मी बरीच वर्षं पालिकेच्या लेखा विभागात काढली. पैसा बंबापेक्षा माणसांवर जास्त जातो. आठवड्याचे तास 168. एक जण 48 तास काम करतो असं धरलं, तरी एकच जागा अखंड भरायला साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की चार-पाच. बंबावर चौघं हवेत, म्हणजे सोळा ते वीस पगार. दोघं धुरात शिरले की बाहेर दोघं सज्ज लागतात, म्हणून चारात काटछाट नको. आमच्याकडे एकदा ती झाली. हजेरीच्या वहीत सलग तीन रात्री एकाच माणसाची सही दिसली, तेव्हा पुढचं पान उलटवेना.

तुमचा राग मात्र अगदीच अनाठायी नाही. हा कर घरावर बसतो, पेन्शन बघून नाही. ज्येष्ठांना सवलत किंवा हप्ते आहेत का, हे आधी विचारा. आणि वाढीव रक्कम स्वतंत्र खात्यात राहणार की सर्वसाधारण निधीत मिसळणार? ठरावात ते लेखी नसेल, तर मुदतीत हरकत नोंदवा. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. तसली मीही दिली आहेत.