हेड गॅस्केट, जॉबकार्ड आणि ‘वॉरंटीत बसत नाही’

प्रश्न : काका, नमस्कार. मी साताऱ्यात शिक्षिका आहे. दिवाळीच्या आधी पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या एका शोरूममधून २०१८ची पेट्रोल गाडी ४ लाख १० हजारांना घेतली. बिलावर ‘इंजिन व गिअरबॉक्स, ६ महिने वॉरंटी’ असं छापलंय. महिना व्हायच्या आतच पुण्याहून परत येताना खंबाटकी चढताना टेंपरेचरचा काटा वर गेला. लगेच गाडी कडेला घेऊन बंद केली. शोरूमने कूलंट भरून दिलं. पुन्हा तेच झालं, तेव्हा थर्मोस्टॅट बदलला. आता म्हणतात, हेड गॅस्केट गेलंय, ३८ हजार लागतील आणि ‘तुम्ही गरम गाडी चालवलीत, त्यामुळे वॉरंटीत बसत नाही.’ क्लचही जड लागतोय. आरसी अजून आधीच्या मालकाच्याच नावावर आहे. गाडी त्यांच्या वर्कशॉपमध्ये उभी आहे. पैसे भरून सोडवून आणू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, पैसे भरू नका आणि गाडी तशीच चालवतही आणू नका. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील. ते गेलेली गाडी पुण्याहून साताऱ्याला आणली तर आज जे खोटं बोलतायत ते वाटेतच खरं होईल.

वर्कशॉपच्या काउंटरपलीकडे मी बरीच वर्षं काढली आहेत. तिथे गिऱ्हाईक काय बोललं याला फारशी किंमत नसते. जॉबकार्डवर, म्हणजे गाडी घेताना तक्रार आणि काम लिहितात त्या कागदावर, काय लिहिलंय त्यालाच असते. तुम्ही सांगता ‘घाटात काटा वर जातो’ आणि समोरचा लिहितो ‘जनरल चेकअप’. त्यामुळे आधी एवढं करा : कूलंट भरलं त्या दिवसाचं आणि थर्मोस्टॅट बदलला त्या दिवसाचं जॉबकार्ड मागा. ‘टॉपअपचं कसलं आलंय जॉबकार्ड’ असं उत्तर मिळेल. मग त्यांच्या व्हॉट्सअॅप नंबरवर आणि ई-मेलवर स्वतःच लिहा : ‘अमुक तारखेला गाडी गरम होते म्हणून तक्रार केली, तुम्ही कूलंट भरून गाडी ठीक आहे म्हणून परत दिलीत. अमुक तारखेला तीच तक्रार, थर्मोस्टॅट बदललात, पुन्हा ठीक म्हणून दिलीत. आता हेड गॅस्केट गेल्याचं सांगता. वॉरंटी नाकारण्याचं कारण लेखी द्या. माझ्या लेखी परवानगीशिवाय इंजिन उघडू नका.’ त्या दिवसांचे तुमच्या फोनमधले कॉल, मेसेज, काट्याचा फोटो असेल तर तो, सगळं जपून ठेवा.

या दोन तारखांवरच तुमची बाजू उभी आहे. गाडी गरम झाली म्हणून गॅस्केट जातं, तसंच गॅस्केट गळायला लागलं की गाडी गरम होते. आधी काय झालं हाच वाद आहे. कूलंट बंद सर्किटमध्ये फिरतं, ते आपोआप संपत नाही. घेतल्यापासून महिन्याच्या आत ते भरावं लागलं तर ते जातंय कुठे, हे पाहणं त्यांचं काम होतं. प्रेशर टेस्ट, म्हणजे दाब देऊन कूलंट कुठे गळतंय ते बघणं, याला फार वेळ लागत नाही. दुसरी एक तपासणी असते, निळ्या द्रवाची. तो द्रव भरलेली नळी कूलंटच्या टाकीच्या तोंडाशी धरायची, सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळा रंग पिवळा होतो. या दोन्ही तपासण्या केल्या होत्या का, हे लेखी विचारा. केल्या नसतील तर न तपासता ‘ठीक आहे’ म्हणून गाडी तुमच्या हातात दिली, असा त्याचा अर्थ.

हेड उघडायचं ठरलं की शाळेत रजा टाका, पण समोर उभ्या राहा. शक्य असेल तर ओळखीचा एखादा जाणता मेकॅनिक बरोबर न्या. बोल्ट सुटण्याआधी त्यांच्या डोक्यांवर पान्याच्या जुन्या खुणा आहेत का बघा. सांध्यातून गॅस्केट सीलंट बाहेर आलेलं दिसतंय का, हेडवर आधी फेसिंग केल्याच्या, म्हणजे ते घासून सपाट केल्याच्या, खुणा आहेत का, तेही बघा. असं काही दिसलं तर इंजिन पूर्वी उघडलेलं आहे. प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा. जुनं गॅस्केट पिशवीत घालून घरी आणा. शिवाय कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर देऊन जुनी हिस्ट्री मागून बघा. ओव्हरहीटिंगची नोंद तुमच्या खरेदीच्या आधीची निघाली तर वाद तिथेच संपला.

बिलाच्या मागे बारीक अक्षरात ‘गाडी जशी आहे तशी’ असं असेल, त्याने घाबरून जाऊ नका. पुढच्या पानावर वॉरंटी छापून मागच्या पानावर ती काढून घेता येत नाही, हे ठासून सांगा. टायरवरची भेग, दाराचा पोचा तुम्ही बघायला हवा होता असं ते म्हणू शकतात. थोड्याशा टेस्ट ड्राइव्हमध्ये गॅस्केट कुणाला दिसणार?

क्लचचं मात्र सोडून द्या. २०१८च्या गाडीचा क्लच झिजणं स्वाभाविक आहे आणि अशा वॉरंटीत तो सहसा नसतोच. तो यादीत घातला तर गॅस्केटची मागणीही ओढूनताणून केलेली वाटेल.

लेखी उत्तर आलं नाही तर स्पीड पोस्टने १५ दिवसांची नोटीस पाठवा, स्वतः लिहिलेली चालते. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवा. पुष्कळ शोरूमवाले तेवढ्यावर बोलायला येतात. नाही आले तर जिल्हा ग्राहक आयोग. त्यासाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या आयोगात, म्हणजे साताऱ्यातच, तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची आहे. दुरुस्तीचा खर्च, गाडी बंद असल्याने झालेला प्रवासखर्च आणि मनस्तापाची भरपाई, तिन्ही मागा.

राहिलं आरसीचं. खरं सांगायचं तर मला गॅस्केटपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटते. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि मालकाने गाडी ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९ सीने ऑनलाइन द्यावी लागते. ती दिली की डीलरच मालक मानला जातो. ती प्रत मागा. उद्या ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ म्हणाले तर हाच कागद कामाला येईल. गाडी नावावर करण्यासाठीच्या फॉर्म २९ आणि ३० वरच्या सह्या पूर्ण झाल्या का, तेही विचारा. विमा कंपनीलाही खरेदीनंतर १४ दिवसांत नाव बदलायला कळवायचं असतं. ते राहिलं असेल तर आजच अर्ज करा. पॉलिसीवर नाव नसताना गाडी ठोकली गेली तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. तेव्हा गॅस्केट बदलून झालं, तरी हे कागद हातात येईपर्यंत ‘काम समाधानकारक’वर सही करू नका.