ओरखडा चालणार असेल तर घे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी गाड्यांची यादी पाहिली. डिफेंडर, लँड क्रूझर ३००, रेंज रोव्हर, शेवटी पोर्शे ९११. खाली एकच ओळ: "काका, पैशाचा प्रश्न नाही, तरी ठरत नाहीये." कंपनीतला हिस्सा विकलास, कर भरलास, पैसे तुझे. गाडी घ्यावी का, असं तू विचारलंच नाहीस हे बरं केलंस. घ्यायचीच. पण गेले कित्येक महिने तू व्हिडिओ बघतोयस, अश्वशक्तीचे तक्ते मांडतोयस, आणि यातली एकही गाडी आपल्या साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत मनातल्या मनातसुद्धा चालवून पाहिलेली नाहीस.

तुझ्या तक्त्यात एक रकाना राहिलाय. ओरखडा. गाडीवर पहिला ओरखडा पडला त्या रात्री तुला झोप लागेल का? लागणार असेल तर ती गाडी तुझी. नसेल तर तिच्या किमतीचे पैसे खात्यात असले तरी ती तुला परवडत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण तू एका वाक्यात ऐकणारा नाहीस म्हणून पुढे लिहितो.

लँड क्रूझर ३०० जवळजवळ पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद आहे. ती घेऊन दिवाळीच्या आठवड्यात मोती चौकात वळून दाखव. समर्थ मंदिराच्या पुढे बोगद्यात शीर आणि समोरून ठोसेघरची एसटी येऊ दे. कारखाने सुरू झाले की डबल ट्रॉलीवाल्या ट्रॅक्टरचा बाहेर आलेला ऊस तुझ्या आरशाला घासून जाणार. ट्रॅक्टरवाल्याला मागचं काही दिसत नाही, आणि टेपच्या आवाजात तुझा हॉर्नही ऐकू येत नाही. एमएच ११ ची पाटी लावलीस की हे सगळं आलंच. इथे ओरखडा पडेल का, असा प्रश्न नसतो. कधी, एवढंच विचारायचं असतं.

डिफेंडर ९०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाते, हे तू दोन ठिकाणी लिहिलंयस. कुठल्या पाण्यात घालणार आहेस? बामणोलीला जाशील, शिवसागर जलाशयाच्या काठावर उभी करशील, फोटो काढशील, आणि मित्रांना चपला झटकून आत बसायला लावशील. मी ओळखतो तुला. नव्या बुटांना चिखल लागेल म्हणून तू कासच्या पठारावर डांबरी रस्ता सोडला नव्हतास.

९११ बद्दल मात्र मला वाईट बोलवत नाही. मागच्या चाकांच्याही मागे इंजिन ठेवायचं, हा पोर्शेवाल्यांचा १९६३ पासूनचा हट्ट. लोक नावं ठेवत राहिले, हे तेच सुधारत राहिले. असल्या हट्टी माणसांना माझा सलाम. जानेवारीतल्या एखाद्या सकाळी यवतेश्वरच्या घाटात ती चालवायला मिळाली तर मी या वयातही नाही म्हणणार नाही. पुढचं नाक वर उचलायची सोय त्यात मिळते, ठाऊक आहे. पण आपल्याकडचा गतिरोधक गावकऱ्यांनी रात्रीतून घातलेला असतो. त्याला ना पट्टा, ना पाटी. बटणाकडे बोट जाईपर्यंत तो पोटाखाली असतो. परत विचारतो, चालेल?

रेंज रोव्हरचं सोड. ती तू सासुरवाडीला दाखवायला यादीत घातलीयस.

तुला वाटेल, म्हातारा एवढा का चिडतोय. आमच्या घरी वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती. खोळीखाली. लग्नकार्य असलं की खोळ निघायची, गाडी पुसायची, नवरदेव आणायचा, परत खोळ. वडिलांना त्याच गाडीतून सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं होतं. घाटात तापेल, कुणीतरी घासेल, असं म्हणत ते स्वतःच पुढच्या वर्षावर ढकलत राहिले. ते गेले तेव्हा गाडीचा रंग आरशासारखा होता आणि आतलं वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं. मला अजून त्या खोळीचा राग येतो.

म्हणून पुणे-बंगळूर रस्ता चौपदरी होताना आमची जमीन गेली आणि हातात पैसे आले, तेव्हा मी मारुतीची जिप्सी घेतली. गावात सगळे मोठ्या गाड्या घेत होते. काकांना परवडली नाही, असं तुझे बाबा अजून म्हणतात. परवडत होती! १३०० सीसीचं इंजिन, रुंदी जेमतेम दीड मीटर, पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. तुझी काकू म्हणते, यात बसण्यापेक्षा बैलगाडी बरी, आणि कमरेचा एक्स-रे पाहिल्यावर डॉक्टरही तिच्याच बाजूने झाले. असू दे. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली, केळघरच्या घाटात, भर पावसात, मी ती कुठेही आणि कशीही लावलीय. उतरल्यावर एकदाही मागे वळून पाहिलेलं नाही. २०१९ मध्ये कंपनीने ती बंद केली तेव्हा लोकांनी चौकशी केली, विकता का म्हणून. नाही विकली. हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही. बरं, थोडं कौतुक आहे.

त्याच घराण्यातली जिम्नी तुझ्या यादीत का नाही? स्वस्त आहे म्हणून? १६४५ मिलिमीटर रुंद, ट्रकसारखी शिडीच्या आकाराची लॅडर फ्रेम, चढाला वेगळा लो गिअर. पण तुला ती नकोच आहे. मनात मोठी गाडी बसलीय, ते मला दिसतंय, आणि स्वप्नाशी भांडण्यात अर्थ नाही.

मग मोठीच घे, पण माझ्या पद्धतीने. नवी ३०० नको. आधीची २०० शोध, साडेचार लिटरच्या आठ सिलिंडरवाल्या व्ही-एट डिझेलची, चार लाख किलोमीटरचं नाव ऐकूनही न घाबरणारी. सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण हव्यात, चासीला गंज नको. आणि मुद्दाम अशी बघ जिच्या मागच्या बंपरला आधीच कुणीतरी ठोकलंय. रुंदीला तीही तेवढीच, मोती चौक काही मोठा होणार नाही. पण पहिला ओरखडा दुसऱ्याच्या काळजावर पडून गेलेला असेल. दुरुस्ती पुण्यात, म्हणजे ११० किलोमीटर. त्याला इलाज नाही, नव्या गाडीलाही तेच. उरलेल्या पैशांचं काय करायचं ते तुझ्या आईला विचार, मला नको.

रंगाचं शेवटी विचारलं होतंस. पांढरा. काळ्यावर ओरखडा लांबून दिसतो, आणि तू कितीही शपथा घेतल्यास तरी पहिले सहा महिने रोज सकाळी गाडीभोवती फेरी मारणार आहेस.

तुझा,
काका