प्रोब फेल झाला तर कोण काय सोडणार?

प्रिय ज्युनिअर,

लिनक्स कर्नलमधल्या ड्रायव्हरसाठी केलेला तुझा पॅच (कोडमधला बदल) बघितला. स्टॅटिक ॲनालायझरने (कोड न चालवता चुका शोधणारं टूल) सांगितलं की प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइस ताब्यात घेताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, क्लॉक (हार्डवेअरला ठोका देणारा सिग्नल) चालू केल्यावर एका ठिकाणी सरळ रिटर्न होतंय आणि क्लॉक तसंच चालू राहतंय, तू तिथे क्लॉक बंद करायची ओळ टाकलीस, कंपाइल झालं, मेसेज लिहिला, विषय संपला. ओळ चुकीची नाहीये. पण ती बरोबर का आहे असं विचारल्यावर तुझं उत्तर होतं "टूलने दाखवलं म्हणून", आणि माझी अडचण तिथेच आहे. उद्या दुसऱ्या ड्रायव्हरमध्ये अशीच वॉर्निंग येईल, तिथे ते क्लॉक "डेव्हएम क्लॉक गेट एनेबल्ड"ने घेतलेलं असेल, म्हणजे प्रोब फेल झाला किंवा ड्रायव्हर सुटला की कर्नल आपणहून ते बंद करणार, आणि तू वरून आपली ओळ टाकलीस की ते दोनदा बंद होणार आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) हातभर वॉर्निंग.

म्हणून कोडला हात लावायच्या आधी प्रत्येक गोष्टीसाठी विचारायचं: ही घेतली कुणी, आत्ता कुणाच्या ताब्यात आहे आणि शेवटी सोडणार कोण. मेमरी, आयआरक्यू (इंटरप्टची लाइन), क्लॉक, रेग्युलेटर (वीजपुरवठा सांभाळणारा), डिव्हाइस ट्रीच्या नोडचा रेफरन्स (वापरात असल्याची मोजून ठेवलेली नोंद), रनटाइम पीएमचा, म्हणजे रिकाम्या डिव्हाइसला झोपवणाऱ्या व्यवस्थेचा, काउंट, सगळ्यांना हेच लागू. यूजरस्पेसमध्ये प्रोग्रॅम मेला की कर्नल त्याच्यामागे सगळं आवरून घेतो, त्यामुळे कॉलेजात लिहिलेल्या सी प्रोग्रॅममध्ये फ्री विसरलं तरी कुणाला कळत नाही. कर्नलच्या मागे आवरणारं कुणी नाही, रीबूट होईपर्यंत जे सांडलं ते सांडलं.

प्रोब वाचताना मी अजूनही कागद घेते (हसू नकोस). डावीकडे वरून खाली काय काय घेतलं ते लिहायचं, मग उजवीकडे प्रत्येक एरर रिटर्नपाशी तोपर्यंतचं सगळं उलट्या क्रमाने सुटतंय का ते टिक करायचं. बहुतेक बग अगदी साधे असतात. मूळ लेखकाने गोटूची लेबलं (एरर आली की उडी मारायच्या जागा) नीट रचलेली असतात, मग दोन-तीन वर्षांनी कुणीतरी मध्येच एक रीसेट लाइन नाहीतर रेग्युलेटर घुसडतो आणि खालची लेबलं तशीच राहतात, किंवा उडी एका पायरीने चुकीच्या लेबलवर जाते. म्हणून लेबलला एरर वन, एरर टू अशी नावं ठेवू नकोस, तिथे जे सुटतं त्याचं नाव दे, "एरर डिसेबल क्लॉक" असं. कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्येही हेच लिहिलंय.

आता जिथे टूल आणि माणूस दोघंही फसतात त्या जागा. पहिली, पीएम रनटाइम गेट सिंक. हे फंक्शन डिव्हाइसला जागं करतं आणि यूसेज काउंट एकने वाढवतं. कुणालाही वाटेल की ते फेल झालं तर काउंट वाढला नसणार, पण नाही, एरर आली तरी काउंट वाढलेलाच असतो, त्यामुळे एररवर नुसतं रिटर्न केलं की तो काउंट कधीच शून्यावर येत नाही आणि डिव्हाइस परत झोपत नाही. क्रॅश नाही, काही नाही, फक्त कुणीतरी सहा महिन्यांनी तक्रार करतं की बॅटरी लवकर उतरते. 2020 मध्ये या एकाच गोष्टीसाठी ढीगभर पॅच आले, प्रत्येक जण आपापल्या ड्रायव्हरमध्ये पुट (काउंट उतरवणारा कॉल) टाकतोय, मेंटेनर (कर्नलचा एकेक भाग सांभाळणारे) वैतागले की हा इंटरफेसच उलटा आहे, आणि शेवटी 5.10 मध्ये पीएम रनटाइम रिझ्यूम अँड गेट आलं, ते फेल झाल्यावर काउंट स्वतःच खाली आणतं. नवीन कोडमध्ये तेच वापर. पण जुन्यात आंधळेपणाने बदलू नकोस, खाली एररच्या वाटेवर आधीच पुट असेल तर आता काउंट एकने जास्त उतरेल.

दुसरी, डिव्हाइस ट्रीचे (बोर्डावर कुठलं हार्डवेअर आहे ते सांगणारी रचना) नोड. फॉर ईच चाइल्ड ऑफ नोड हा मॅक्रो दर फेरीला नव्या नोडचा रेफरन्स घेतो आणि जुन्याचा सोडतो, त्यामुळे लूप पूर्ण झाला तर सगळं फिटतं आणि मधूनच ब्रेक किंवा रिटर्न केलं तर हातातल्या नोडचा रेफरन्स लटकतो. फिक्स म्हणजे बाहेर पडायच्या आधी ऑफ नोड पुट. पण तो नोड ड्रायव्हरने आपल्या स्ट्रक्चरमध्ये ठेवून दिला असेल तर? मग तो रेफरन्स मुद्दाम धरलेला आहे, तू पुट टाकलास तर चांगलं कोड बिघडवलंस. आणि हेही खरं सांगते, ज्या कर्नलमध्ये डायनॅमिक डिव्हाइस ट्रीचा पर्याय बंद आहे तिथे हे गेट-पुट रिकामी फंक्शन्स असतात, प्रत्यक्षात काहीच गळत नाही. फिक्स तरीही करायचा, पण मेसेजमध्ये "गंभीर मेमरी लीक" असलं काही ठोकू नकोस, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

तिसरी, डिव्हाइस रजिस्टर, म्हणजे कर्नलकडे डिव्हाइस नोंदवणारं फंक्शन. ते फेल झालं की हात आपोआप केफ्रीकडे (मेमरी सरळ सोडणारं फंक्शन) जातो. जाऊ देऊ नकोस. ते फंक्शन आत शिरल्या शिरल्या रेफरन्स काउंट सुरू करतं, तिथून पुढे ती मेमरी तुझी राहत नाही, एरर आली तरी पुट डिव्हाइसच करायचं आणि रिलीज कॉलबॅकला त्याचं काम करू द्यायचं. सरळ केफ्री केलंस तर डिव्हाइसच्या नावासाठी घेतलेली मेमरी गळते, दोन्ही केलंस तर डबल फ्री.

आता डेव्हएम, म्हणजे घेतलेल्या गोष्टी ड्रायव्हर सुटताना कर्नलने आपोआप सोडायची व्यवस्था. 2007 मध्ये टेजुन हेओ यांनी हे आणलं, 2.6.21 मध्ये, आणि त्यामुळे हजारो गोटू गेले हे मान्य. पण आपल्याकडे नवीन पोरांना शिकवताना "डेव्हएम लावा, लीक विसरा" एवढंच सांगतात आणि तिथे घोळ होतो, कारण डेव्हएम लीक घालवतं, क्रम मात्र तुलाच सांभाळायचा असतो. एक उदाहरण नीट बघ, कारण हे मला टचस्क्रीनपासून चार्जरपर्यंत सगळीकडे दिसलंय.

प्रोबमध्ये डेव्हएम केझॅलॉकने प्रायव्हेट स्ट्रक्चर घेतलं, त्यात एक वर्क (नंतर चालवायला रांगेत लावायचं काम) आहे, इनिट वर्क केलं, मग डेव्हएम रिक्वेस्ट आयआरक्यू. इंटरप्ट आला की हँडलर ते वर्क शेड्यूल करतो. रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर सुटताना चालणारं फंक्शन) लेखकाने शहाण्यासारखं कॅन्सल वर्क सिंक लिहिलंय. बघायला एकदम चोख. पण डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी रिमूव्ह परतल्यानंतर सुटतात! म्हणजे कॅन्सल झालं, रिमूव्ह संपत आलं, आयआरक्यू अजून जिवंत आहे, तेवढ्यात कुणी स्क्रीनला बोट लावलं, हँडलर चालला, वर्क परत रांगेत, मग कर्नलने आयआरक्यू सोडला, मग मेमरी सोडली, आणि वर्कक्यू आरामात येऊन ते वर्क चालवायला गेला तर खाली जमीनच नाही. यूज आफ्टर फ्री. मिलिसेकंदांचा खेळ, म्हणून टेस्टिंगमध्ये सापडत नाही आणि ग्राहकाकडे बरोब्बर सापडतो. इथे ॲनालायझर गप्प असतो बरं का, त्याच्या दृष्टीने घेतलेलं सगळं सुटलंय.

फिक्स काय? काहीजण रिमूव्हमध्ये कॅन्सलच्या आधी डिसेबल आयआरक्यू टाकतात, चालतं, पण इंटरप्ट लाइन शेअर्ड असेल तर शेजारच्या डिव्हाइसचाही इंटरप्ट बंद पडतो. मला आवडतो तो मार्ग म्हणजे कॅन्सललाही डेव्हएमच्याच रांगेत बसवायचं: डेव्हएम वर्क ऑटोकॅन्सल नावाचा तयार हेल्पर आहे, तो आयआरक्यू मागायच्या आधी लावायचा. डेव्हएम उलट्या क्रमाने सोडतं, म्हणजे आधी आयआरक्यू जाईल (आणि फ्री आयआरक्यू चालू हँडलर संपेपर्यंत थांबतं), मग वर्क कॅन्सल होईल, मग मेमरी जाईल. हेल्परची ओळ आयआरक्यूच्या खाली गेली की सगळं मुसळ केरात, म्हणून रिव्ह्यू करताना मी फंक्शन कुठली वापरलीत त्याच्या आधी ती कुठल्या क्रमाने आहेत ते बघते.

डेव्हएमची आणखी एक मर्यादा, थोडक्यात. त्याची मेमरी ड्रायव्हर सुटेपर्यंत जगते, यूजरने फाइल बंद करेपर्यंत नाही. कॅरॅक्टर डिव्हाइस उघडा ठेवून यूएसबी ओढून काढली आणि मग रीड केलं की त्या रीडला मेमरी मेलेली मिळणार. तिथे स्ट्रक्चरला स्वतःचा रेफरन्स काउंट लागतो, डेव्हएम केझॅलॉक चालत नाही.

रिमूव्हचा विषय निघालाच आहे तर, प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचं रिमूव्ह कितीतरी वर्षं इंट (आकडा) रिटर्न करायचं आणि कर्नलचा कोअर ती व्हॅल्यू फेकून द्यायचा. लोकांना वाटायचं एरर परत केली की डिव्हाइस तसाच राहील, म्हणून मध्येच रिटर्न, आणि खालचं सगळं गळायचं. उवे क्लाइने-कोनिग यांनी चिकाटीने एकेक करत शेकडो ड्रायव्हर बदलले आणि 2024 मध्ये 6.11 ला ते फंक्शन व्हॉइड, म्हणजे काहीच रिटर्न न करणारं, झालं. मला असं काम फार मोठं वाटतं, एका लीकमागे धावण्यापेक्षा ती चूक करायची जागाच बुजवून टाकली. तुमच्याकडे व्हेंडर कर्नल (चिप कंपनीने दिलेला) जुना असेल, 5.10 किंवा 5.15, तर तिथे रिमूव्हमधले मधले रिटर्न आवर्जून शोध, हमखास मिळतात.

2023 पासून 6.5 मध्ये क्लीनअप हेल्पर आलेत, स्कोप संपला की पॉइंटर आपोआप फ्री. छान आहेत. फक्त एकाच फंक्शनमध्ये अर्धं गोटू आणि अर्धं हे अशी भेळ करू नकोस, क्रम वाचता येत नाही.

टेस्टिंगचं म्हणशील तर एररची वाट ही कधीच न चाललेली वाट असते, तुझ्या टेबलवरच्या बोर्डावर रेग्युलेटर कधी फेल झालाय? म्हणून ती मुद्दाम चालवायची. फॉल्ट इंजेक्शनमधलं फेलस्लॅब चालू केलं की मेमरी मागणी मध्येमध्ये नाकारली जाते. डीबग टेस्ट ड्रायव्हर रिमूव्ह हा कॉन्फिग चालू केला की प्रत्येक प्रोबनंतर कर्नल स्वतःच रिमूव्ह करून परत प्रोब करतो, अर्धे ड्रायव्हर तिथेच तोंडावर आपटतात. नाहीतर सिसएफएसमध्ये अनबाइंड आणि बाइंडचा (ड्रायव्हर सोडायचा आणि परत जोडायचा) लूप लावून जेवायला जा. सोबत केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) चालू ठेव, 4.0 पासून कर्नलमध्येच आहे, यूज आफ्टर फ्री झाला तर मेमरी कुणी घेतली, कुणी सोडली आणि नंतर कुणी हात लावला, तिन्ही छापून देतो. बोर्ड हळू होतो, होऊ दे.

केमेमलीकवर (मेमरी लीक शोधणारा) मात्र जास्त विसंबू नकोस. तो मेमरी चाळून बघतो की या ब्लॉककडे बोट दाखवणारा पॉइंटर कुठे उरलाय का, नसेल तर लीक. म्हणजे रेफरन्स काउंट जास्त राहिला असेल आणि ऑब्जेक्ट एखाद्या लिस्टवर लटकलेला असेल तर त्याला काहीच दिसणार नाही, क्लॉक-रेग्युलेटर तर त्याच्या गावीच नाहीत. क्लॉकसाठी डीबगएफएसमधलं क्लॉक समरी बघ, रेग्युलेटरसाठी रेग्युलेटर समरी, आयआरक्यूसाठी प्रॉक इंटरप्ट्स, आणि पीएम ॲडव्हान्स्ड डीबग चालू असेल तर पॉवर फोल्डरमधली रनटाइम यूसेज. लूपच्या आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवायचे. एनेबल काउंट चढलेला दिसला की वाद संपतो.

पॅच पाठवताना फिक्सेस टॅग लाव, ज्या कमिटमुळे बग आला त्याच्या हॅशची पहिली 12 अक्षरं आणि त्याचं शीर्षक, गिट ब्लेम (कुठली ओळ कुठल्या कमिटने आली ते दाखवतं) करून नीट शोध, फाइलच्या पहिल्या कमिटवर ढकलून मोकळं व्हायचं नाही, कारण स्टेबल कर्नलवाले त्यावरूनच ठरवतात कुठपर्यंत मागे न्यायचं. मेसेजमध्ये कुठल्या परिस्थितीत गळतं ते लिही, कसं सापडलं ते लिही, हार्डवेअरवर टेस्ट केलं नसेल तर "फक्त कंपाइल केलंय" असं साफ लिही. यात लाज काही नाही, लपवण्यात आहे. 2021 मध्ये मिनेसोटा विद्यापीठाचं प्रकरण झालं, तिथल्या संशोधकांनी मुद्दाम खोट असलेले छोटे फिक्स पाठवून रिव्ह्यू पकडतो का ते बघितलं, स्टेबल कर्नल सांभाळणारे ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाचे पॅच घेणं थांबवलं आणि आधी आलेलेही परत तपासायला काढले. एका ओळीच्या लीक फिक्सवर मेंटेनर आज खोदून खोदून प्रश्न विचारतात ते मनावर घेऊ नकोस, त्यांना कारण आहे.

आता तुझ्या पॅचकडे. क्लॉकची ओळ राहू दे, पण तिथे थेट लिहू नकोस, लेबल करून गोटू लाव, कारण त्याच फंक्शनमध्ये खाली डीएमए चॅनेल (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवायचा मार्ग) मागितल्यावरही एक रिटर्न आहे, तिथे क्लॉक आणि चॅनेल दोन्ही लटकतात आणि तुझ्या टूलने त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. शिवाय रिमूव्हमध्ये चॅनेल आधी सुटतो आणि ट्रान्सफर नंतर थांबवली जाते, ते उलटं आहे, पण त्याचा वेगळा पॅच कर, एकात कोंबू नकोस. अनबाइंड-बाइंडचा लूप चालवून क्लॉक समरीचे आधीचे-नंतरचे आकडे व्ही टू (पॅचची दुसरी आवृत्ती) सोबत मला आधी पाठव, गुरुवारी संध्याकाळी बघते.

तुझी,
ताई