लिनक्सवर पहिला गेम लावण्याआधी

पुण्याच्या तपकीर गल्लीतून एसएसडी आणलीस ना? आधी ती एक्स्ट४ मध्ये, म्हणजे लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये, फॉरमॅट कर. विंडोजची जुनी एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम) ड्राइव्ह तशीच स्टीमला, म्हणजे गेम विकत घ्यायच्या नि चालवायच्या अ‍ॅपला, जोडलीस, तर गेम उतरतो पूर्ण. पण प्ले दाबलं की बटण क्षणभर बदलतं आणि पुन्हा हिरवं. एररही बहुधा दिसत नाही. प्रोटॉन, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं साधन, प्रत्येक गेमसाठी स्वतःच्या कॉम्पॅटडेटा फोल्डरात ‘सी:’ नावाची लिंक बनवतो. नावातला तो कोलन विंडोजला मान्य नाही, एनटीएफएसवर तिथेच घोडं अडतं. जुनी ड्राइव्हही फॉरमॅट करणार असशील, तर आधी सेव्ह फाइली मात्र दुसरीकडे काढून ठेव.

व्हॅलोरंटचा नाद सोड; त्याचं व्हॅनगार्ड (फसवेगिरी पकडणारं अँटी-चीट) विंडोजच्या कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात बसतं, त्यामुळे लिनक्सवर तो चालत नाही. बाकी गेम घेण्यापूर्वी प्रोटॉनडीबी (गेम लिनक्सवर कसा चालतो हे खेळणारे सांगतात ती साइट) बघ, पण ताजे रिपोर्ट वाच. नुसत्या ‘गोल्ड’ शिक्क्यावर पैसे टाकू नकोस.