वाचकांचे प्रश्न : सर्किटच्या आराखड्यातील चिन्हे कशी वाचावीत?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स पदविकेच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. साधारण सेकंदाला एकदा एलईडी लुकलुकवणारे ५५५ टायमरचे (वेळ मोजणाऱ्या आठ पिनांच्या आयसीचे, म्हणजे चिपचे) सर्किट मी कीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये काढायला घेतले आहे. आमच्या पुस्तकात रेझिस्टर नागमोडी रेषेने दाखवला आहे, कीकॅडमध्ये मात्र तो आयताकृती चौकट म्हणून येतो. ५५५च्या चिन्हावरील पिनांचा क्रम प्रत्यक्ष आयसीशी जुळत नाही. ग्राउंडची चिन्हे तर अनेक आहेत. शेवटी कीकॅडमधली विद्युत तपासणी केली, तेव्हा बॅटरी जोडलेली असूनही ‘वीजपुरवठ्याच्या पिनला पुरवठा मिळत नाही’ अशा अर्थाची चूक दाखवली गेली. ही सगळी चिन्हे पाठ करण्याचा काही सोपा क्रम आहे का?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : पाठांतराने सुरुवात करू नका, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. कीकॅडच्या संग्रहात हजारो चिन्हे आहेत आणि त्यांतील बहुतेकांशी तुमचा कधी संबंधही येणार नाही. त्याऐवजी कोणतेही चिन्ह समोर आले की त्यात काय वाचायचे, हे आधी पक्के करा. आकृती, पिनचे नाव, पिनचा क्रमांक आणि पिनचा विद्युत प्रकार या चार गोष्टी प्रत्येक चिन्हात असतात. शेवटची गोष्ट आराखड्यावर दिसत नाही. ती पाहण्यासाठी पिनचे गुणधर्म उघडावे लागतात. नवशिक्याचे सगळे लक्ष आकृतीवर असते. सॉफ्टवेअर मात्र कोणती पिन कोणत्या पिनला जोडली आहे एवढेच टिपते. आकृती माणसासाठी आणि पिन सॉफ्टवेअरसाठी, हा भेद मनात ठेवलात तर तुमच्या चारही अडचणींची उत्तरे एकाच दिशेने मिळतात.

रेझिस्टरची अडचण त्यांतली सर्वांत किरकोळ आहे. नागमोडी रेषा ही अमेरिकी परंपरा असून ती १९७५ च्या आयईईई ३१५ या मानकात आहे. आयताकृती चौकट आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या आयईसी ६०६१७ या मानकातील आहे. कीकॅडमध्ये ‘आर’ या नावाने चौकट मिळते आणि ‘आर यूएस’ या नावाने नागमोडी रेषा. दोन्हींच्या पिना सारख्याच आहेत, त्यामुळे कोणतेही वापरले तरी तयार होणारे सर्किट तेच राहते. फक्त एका आराखड्यात दोन्ही पद्धती मिसळू नका. मूल्य लिहिताना ४.७ किलोओहमसाठी ‘४के७’ असे लिहिण्याची पद्धत उचलण्यासारखी आहे, कारण छपाईत किंवा झेरॉक्समध्ये दशांश चिन्ह पुसट झाले तर ४.७ चे ४७ होते, पण मधले अक्षर सहसा पुसले जात नाही.

आता ५५५कडे वळू. प्रत्यक्ष आयसी वरून पाहताना त्याची खाच वरच्या बाजूला धरली, तर १ ते ४ क्रमांकाच्या पिना डावीकडे वरून खाली येतात आणि ५ ते ८ उजवीकडे खालून वर जातात. चिन्हात हा क्रम मुद्दाम मोडलेला असतो. तिथे पुरवठ्याची ८ क्रमांकाची पिन वर, ग्राउंडची १ क्रमांकाची पिन खाली आणि बाकीच्या पिना त्यांच्या कामानुसार दोन बाजूंना मांडलेल्या दिसतात. कारण आराखड्याचा उद्देश आयसीचा देह दाखवणे हा नसून विद्युत संबंध दाखवणे हा आहे. एसटीच्या फलकावर कोणत्या गावानंतर कोणते गाव येते हे कळते, घाटातली वळणे कळत नाहीत. आराखडाही तसाच वाचायचा असतो. पुरवठा वर, ग्राउंड खाली आणि संदेशाचा प्रवाह डावीकडून उजवीकडे हा संकेत पाळला, की दुसऱ्या कोणालाही तुमचे सर्किट चटकन उमगते.

प्रत्यक्ष पायांची मांडणी ‘फूटप्रिंट’ नावाच्या वेगळ्या आकृतीत असते, आणि चिन्ह व फूटप्रिंट यांना जोडणारा दुवा एकच आहे, तो म्हणजे पिनचा क्रमांक. चिन्हावरील ७ क्रमांकाची पिन बोर्डावरील ७ क्रमांकाच्या पॅडलाच, म्हणजे पाय डाखण्याच्या तांब्याच्या ठिपक्यालाच, जाते, मग ती चिन्हात कुठेही काढलेली असो. म्हणून तुमच्या सर्किटमध्ये २ आणि ६ या पिना एकमेकींना, तसेच ४ ही पिन पुरवठ्याला जोडली आहे ना, हे क्रमांक पाहून तपासा. जागा पाहून नव्हे. पुरवठा व ७ क्रमांकाची पिन यांमध्ये १० किलोओहम, ७ व ६ यांमध्ये ६८ किलोओहम आणि ६ पासून ग्राउंडपर्यंत १० मायक्रोफॅरड असे घटक घेतलेत, तर एलईडी साधारण सेकंदाला एकदा लुकलुकेल. या कपॅसिटरसाठी ध्रुव असलेले चिन्ह निवडा आणि अधिक खुणेची बाजू ६ क्रमांकाच्या पिनकडे ठेवा. डायोड आणि एलईडी यांच्या चिन्हांत त्रिकोणाच्या टोकाशी असलेली आडवी रेघ म्हणजे कॅथोड, म्हणजेच ऋण बाजू. साध्या डायोडच्या अंगावरचा पट्टाही कॅथोडच दाखवतो. त्रिकोणातून बाहेर जाणारे बाण प्रकाश बाहेर पडतो असे सांगतात, आत येणारे बाण असतील तर तो फोटोडायोड असतो.

ग्राउंडच्या चिन्हांबाबत मात्र थोडे थांबून विचार करायला हवा, कारण तिथे आकृतीपेक्षा नाव महत्त्वाचे ठरते. पुरवठ्याची आणि ग्राउंडची चिन्हे हे खरे घटक नाहीत. ती नावे आहेत, आणि एकाच नावाची सगळी चिन्हे मध्ये तार नसली तरी आपोआप जोडली जातात. ‘जीएनडी’ नावाची दहा चिन्हे कागदावर विखुरलेली असली तरी सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो एकच बिंदू असतो. याउलट एका ठिकाणी ‘जीएनडी’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘अर्थ’ हे चिन्ह ठेवले, तर तुमच्या मनात ते एकच असले तरी सॉफ्टवेअरला ते दोन स्वतंत्र बिंदू वाटतात आणि बोर्डावर ते एकमेकांना जोडले जात नाहीत. ‘व्हीसीसी’ आणि ‘+९ व्ही’ यांचेही तसेच. तुमच्या सर्किटमध्ये बॅटरी एकच आहे, तेव्हा पुरवठ्यासाठी एक आणि ग्राउंडसाठी एक असे नाव ठरवा आणि शेवटपर्यंत तेच वापरा.

चौथी अडचण पिनच्या विद्युत प्रकाराशी निगडित आहे. ५५५ची ८ क्रमांकाची पिन ‘पुरवठा घेणारी’ अशी नोंदलेली आहे, म्हणून त्याच तारेवर कुठेतरी ‘पुरवठा देणारी’ पिन असावी अशी तपासणीची अपेक्षा असते. बॅटरीच्या चिन्हातील पिना मात्र रेझिस्टरप्रमाणेच ‘पॅसिव्ह’ प्रकारच्या, म्हणजे पुरवठा घेणाऱ्याही नाहीत आणि देणाऱ्याही नाहीत अशा, आहेत. माणसाला बॅटरी दिसते, पण तपासणीला पुरवठा देणारे कोणीच सापडत नाही. त्यासाठी कीकॅडमध्ये ‘पॉवर फ्लॅग’ नावाचे चिन्ह आहे. ते एकदा पुरवठ्याच्या तारेवर आणि एकदा ग्राउंडच्या तारेवर ठेवा, म्हणजे हा इशारा जाईल. हे चिन्ह स्वतः कोणताही पुरवठा करत नाही; ‘या तारेवर पुरवठा बाहेरून येतो, याची मला कल्पना आहे’ अशी ती तुमची लेखी ग्वाही असते. त्यामुळे इशारा नको म्हणून ते कुठेही चिकटवणे धोक्याचे आहे. आधी तार खरोखर बॅटरीपर्यंत पोहोचली आहे का ते पाहा, मगच फ्लॅग ठेवा.

तार पोहोचली आहे का, हे डोळ्यांनी ठरवू नका, असेही सुचवतो. न जोडलेल्या पिनच्या टोकाशी एक बारीक वर्तुळ दिसते आणि तार नीट जोडली गेली की ते नाहीसे होते. पडदा मोठा करून प्रत्येक पिनचे टोक तपासा. पडद्यावरील जाळी (ग्रिड) ५० मिल, म्हणजे १.२७ मिलिमीटर, एवढीच राहू द्या. नेमके बसवण्यासाठी जाळी बारीक केली, की तार पिनच्या केसभर अलीकडे थांबते आणि दिसायला जोडलेली वाटते. दोन तारा एकमेकींना छेदत असतील आणि छेदावर ठिपका नसेल, तर त्या जोडलेल्या नाहीत असेच समजायचे. चार दिशांच्या तारा एका ठिपक्यावर आणण्यापेक्षा दोन जोड थोडे पुढेमागे घ्यावेत, म्हणजे ठिपका छपाईत पुसट झाला तरी अर्थ बदलत नाही.

प्रश्न : बीसी ५४७ ट्रान्झिस्टर वापरून केलेला माझा आराखडा तपासणीत निर्दोष ठरला. दुकानात तो नव्हता म्हणून २एन ३९०४ घेतला आणि आराखड्यातही नाव बदलले. तयार बोर्डावर मात्र रिले (विद्युतचुंबकाने चालणारा स्विच) ओढला जात नाही. दोन्ही एनपीएन या एकाच जातीचे ट्रान्झिस्टर आहेत, चिन्हही तेच आहे, मग चूक कुठे झाली?
— एक हौशी वाचक, नाशिक

उत्तर : चिन्ह तेच आहे, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. बीसी ५४७ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. २एन ३९०४ तसाच धरला, तर एमिटर, बेस, कलेक्टर असा उलटा क्रम येतो. दोन्हींच्या चिन्हांत एमिटरवरचा बाण बाहेरच जातो, परंतु पहिल्यात कलेक्टरचा क्रमांक १ असतो आणि दुसऱ्यात ३. तुम्ही आराखड्यात बदललेले नाव हा निव्वळ मजकूर आहे. त्याने पिनांचे क्रमांक बदलत नाहीत. त्यामुळे बोर्ड बीसी ५४७साठी बनला आणि त्यावर २एन ३९०४ उलटा बसला. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर पूर्ण बंद पडत नाही. त्याची प्रवाहवृद्धी फार कमी होते, म्हणून रिले ओढण्याइतका प्रवाह मिळत नाही आणि दोष शोधताना माणूस भलतीकडेच भरकटतो.

सध्याच्या बोर्डावर ट्रान्झिस्टर काढून सपाट बाजू विरुद्ध दिशेला करून बसवलात तर काम होईल, कारण बेस दोन्हींत मधोमधच आहे. उलट्या जोडणीत एमिटर आणि बेस यांच्यामध्ये क्षमतेबाहेरचा उलटा दाब पडलेला असू शकतो, म्हणून शक्य असल्यास नवा ट्रान्झिस्टरच वापरा. पुढच्या वेळी नाव खोडून लिहिण्याऐवजी ‘चिन्ह बदला’ ही आज्ञा वापरून संग्रहातील २एन ३९०४ निवडा आणि मग बोर्ड अद्ययावत करा. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘त्याच्याऐवजी हा चालेल’ असे दुकानदार सांगतो, तेव्हा तो व्होल्टता आणि प्रवाह यांच्या दृष्टीने बहुधा बरोबर असतो. पायांचा क्रम मात्र उत्पादकाच्या माहितीपत्रकातूनच पाहायला हवा. व्होल्टता नियंत्रकांच्या बाबतीत तर हे अधिकच लागू आहे : ७८०५ मध्ये १ इनपुट, २ ग्राउंड, ३ आउटपुट असा क्रम आहे, आणि दिसायला अगदी तशाच असलेल्या एलएम ३१७ मध्ये १ समायोजन, २ आउटपुट, ३ इनपुट असा.

प्रश्न : एलएम ३५८ हा ऑप-अ‍ॅम्प (संदेश वाढवणारा आयसी) आराखड्यात ठेवला, तर नुसता त्रिकोण येतो. त्याला पुरवठ्याच्या पिनाच नाहीत. त्या कुठे जोडायच्या?
— एक शिक्षिका, पणजी

उत्तर : एलएम ३५८च्या एकाच आयसीमध्ये दोन ऑप-अ‍ॅम्प असतात, म्हणून कीकॅडने त्याचे चिन्ह तीन भागांत विभागले आहे. ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन त्रिकोण आहेत आणि ‘सी’ या तिसऱ्या भागात फक्त ४ व ८ या पुरवठ्याच्या पिना आहेत. तुम्ही ‘ए’ ठेवला आहे. तेच चिन्ह पुन्हा निवडून ‘सी’ भागही कागदावर ठेवा. ४ क्रमांकाची पिन ग्राउंडला आणि ८ क्रमांकाची पिन पुरवठ्याला जोडा. तिन्ही भागांवर ‘यू १ए’, ‘यू १बी’, ‘यू १सी’ असा एकच मूळ क्रमांक आहे ना, याची खात्री करून घ्या, नाहीतर सॉफ्टवेअर त्यांना वेगवेगळे आयसी समजेल. ‘बी’ भाग वापरायचा नसेल तरीही तो ठेवा. त्याचे आउटपुट, म्हणजे ७ क्रमांकाची पिन, वजा चिन्हाच्या ६ क्रमांकाच्या इनपुटला जोडा आणि अधिक चिन्हाचे ५ क्रमांकाचे इनपुट ग्राउंडला न्या, म्हणजे न वापरलेला भाग स्थिर राहील.