नखं कापल्याशिवाय पिस्तूल शिकता येणार नाही का?

प्रश्न : ताई, नमस्कार. डॅलसजवळ आमचं गॅस स्टेशन आहे, लागूनच दुकान. हे भारतात गेले की रात्री अकराला दुकान मी एकटीच बंद करते. ग्रीन कार्ड आहे, कागदपत्रं रीतसर आहेत, गेल्या महिन्यात नऊ एमएमचं छोटं पिस्तूल घेतलं. पहिल्याच दिवशी नेमबाजीच्या सरावाच्या जागी, रेंजवर, शिक्षकांनी माझी ॲक्रिलिकची नखं पाहिली आणि म्हणाले, ‘ही काढा, मग या.’ बारा वर्षं मी नखं राखतेय, दुसरी कसली हौस नाही. कापण्याला खरंच पर्याय नाही का?

उत्तर : शिक्षकांचं म्हणणं चूक नाही, पण कारण सांगायला हवं होतं. नुसतं ‘काढा’ म्हटलं की बाई खट्टू होऊन शिकणंच सोडते, नाहीतर दुसरीकडे जाऊन नखांसकट शिकते. मला त्या दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी वाटते.

मी कोल्हापूरला एनसीसीत पॉइंट टू टू रायफलवर शिकले. ट्रिगरवर बोटाच्या पहिल्या पेराचं मांस आलं पाहिजे, हे तिथे इतकं घोटून घेतलं की आजही माझ्या नेमबाजीच्या वर्गात मी पहिल्यांदा तेच दाखवते. चार वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नात मीही हौसेनं लांब नखं लावून घेतली आणि परत आल्यावर तशीच रेंजवर गेले. हातात खिशात मावेल एवढं पिस्तूल. तीन गोळ्या झाडल्या, बोट ट्रिगरवरून काढून सरळ करायला गेले, तर बोट निघेना. नखाचं वाकलेलं टोक ट्रिगरच्या पलीकडच्या कडेला अडकलं होतं. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, चौथी गोळी, आणि बोट ओढावं तर ट्रिगरही ओढला जाणार. पिस्तूल समोर टार्गेटकडेच धरून ठेवलं, डाव्या हातानं मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, काढलं, मग बोट हळूहळू पुढे सरकवून नख सोडवलं. हात नंतर बराच वेळ कापत होता. घरी जाऊन त्याच रात्री नखं उतरवली.

नख लांब असतं एवढीच अडचण नाही. नखाला स्पर्श कळत नाही. बोटाचं मांस ट्रिगरला टेकलं की मेंदूला लगेच समजतं. ॲक्रिलिक टेकलं तर कळतच नाही, किंवा उशिरा कळतं. साध्या पिस्तुलाचा ट्रिगर साडेपाच-सहा पौंडांच्या दाबानं सुटतो. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर सरळ ठेवायचं, हा नियम पाळायचा तर बोट नेमकं कुठे आहे हे न बघता कळलं पाहिजे. भ्यायलेल्या माणसाला बघायला वेळ नसतो.

दुसरी गोष्ट मुठीची. लांब नखं असलेल्या हाताची घट्ट मूठ वळून पाहा. टोकं तळव्यात रुततात, म्हणून आपण नकळत बोटं सैल सोडतो. मूठ ढिली पडली की ऑटोमॅटिक पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, कधीकधी पूर्ण मागे जात नाही, काडतूस मध्येच अडकतं आणि दुसरी गोळी सुटतच नाही. स्लाइड ओढायला सोपी म्हणून पुष्कळ बायका स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी घेतात. चांगलं पिस्तूल आहे, पण त्याच्या मुठीला मागे एक सेफ्टी असते, तळव्यानं ती दाबलेली असली तरच गोळी सुटते. नखं वाचवत धरलेल्या मुठीत ती पूर्ण दबेलच असं नाही.

आता तुमच्या हौसेचं. दहाच्या दहा नखं जायला हवीत असं मला वाटत नाही. ज्या हातानं गोळी झाडता त्या हाताची तर्जनी आणि अंगठा, ही दोन मात्र बोटाच्या मांसाच्या बरोबरीला कापलेली हवीत. त्याबाबत मी माझ्या वर्गात कुणालाच सूट देत नाही. बाकीची बोटाच्या टोकापुढे दोन-तीन मिलिमीटर आणि गोलसर असली तर बहुतेक जणींना मूठ नीट वळता येते. टोकदार किंवा पेटीसारखी चौकोनी लांब नखं मात्र नकोत. माझी एक विद्यार्थिनी दोन नखं आखूड ठेवून त्यांना वेगळा रंग लावते, छान दिसतात.

माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतःच्या हातावर पाहा. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळीनं चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीच्या, आतल्या कडेला आणि ट्रिगरच्या दोन्ही बाजूंना लिपस्टिकचा पुसट हात फिरवा. मग गोळी पलीकडे जाणार नाही अशा भिंतीकडे तोंड करून, नेहमीसारखं बोट आत न्या, दाबा, बाहेर काढा. प्रत्येक वेळी स्लाइड ओढून असं दहादा करा. नखावर लाली आली तर नख मध्ये येतंय. जाड ॲक्रिलिक लांबीला आखूड असलं तरी लाली येते, कारण छोट्या पिस्तुलाच्या गार्डमध्ये मुळातच जागा कमी. मोठ्या गार्डचं पिस्तूल घेतलं तर थोडा फरक पडतो. पूर्ण अडचण त्यानं जात नाही.

स्लाइड चिमटीत धरून ओढू नका, तिथेच नखं मुळापासून उचकटतात. डावा तळवा स्लाइडच्या मागच्या भागावर वरून टाका, चारही बोटांच्या मांसानं आवळा आणि उजव्या हातानं पिस्तूल पुढे ढकला. काडतुसं बाहेर पडतात ती खिडकी हातानं झाकू नका. मॅगझिन भरायला लोडर घ्या. टेक्ससच्या पिस्तूल बाळगायच्या लायसन्सच्या परीक्षेत तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून ५० गोळ्या झाडाव्या लागतात. तेवढी काडतुसं अंगठ्यानं भरली तर आखूड नखंही दुखतात. लायसन्सशिवाय पिस्तूल बाळगायची मुभा इथे १ सप्टेंबर २०२१ पासून आहे, तरी तुम्ही लायसन्सचा वर्ग कराच.

आणि पिस्तूल पर्समध्ये सुटं टाकू नका. किल्ल्या, लिपस्टिक, नख, काहीही ट्रिगरमध्ये शिरू शकतं. ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर आणि त्यासाठी वेगळा कप्पा, दोन्ही हवं.

एवढं करूनही तर्जनीचं नख कापवत नसेल, तर पिस्तूल कपाटात कुलपात ठेवा. रात्री दुकान बंद करायला दुसरं माणूस ठेवा, दाराला चांगलं लॉक आणि बाहेर दिवा लावा. अडकलेलं बोट घेऊन अंधारात उभं राहण्यापेक्षा ते फार बरं.

प्रश्न : मी एच-फोर व्हिसावर आहे. टेक्ससमध्ये लायसन्स लागत नाही, मग मैत्रिणीबरोबर रेंजवर जाऊन भाड्याच्या पिस्तुलानं शिकले तर चालेल ना?

उत्तर : नाही, आत्ता पिस्तुलाला हातही लावू नका. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसानं बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं फेडरल कायद्यानं गुन्हा आहे, आणि भाड्याचं पिस्तूल हातात घेतलं तरी ते ‘बाळगणं’ धरलं जाऊ शकतं. टेक्ससच्या सवलतीनं फेडरल कायदा बदलत नाही. शिकारीचं वैध लायसन्स असेल तर अपवाद आहे, पण तो तुम्हाला लागू होतो का हे इमिग्रेशनच्या वकिलाला विचारूनच ठरवा. एका दुपारच्या हौसेपायी घरादाराचं ग्रीन कार्ड अडकू शकतं.

प्रश्न : माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. रेंजवरून आल्यावर हात सॅनिटायझरनं पुसते. पुरेसं आहे का?

उत्तर : नाही. बहुतेक काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागात, आणि गोळीत शिसं असतं. सॅनिटायझरनं जंतू मरतात, शिसं हातावर तसंच राहतं आणि नखाखाली तर ते नक्कीच साचतं. कृत्रिम नख कडेनं थोडं उचललं गेलं असेल तर त्या फटीतही. लहान मुलांच्या बाबतीत शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, आणि आठ महिन्यांचं बाळ आईची बोटं तोंडात घालणारच.

रेंजवरच थंड पाणी, साबण आणि नखांचा ब्रश घेऊन प्रत्येक नखाखालून घासा. चेहराही धुवा, तिथे काही खाऊ नका. घरी आल्यावर चपला दाराबाहेर, कपडे वेगळे धुवायला, अंघोळ, आणि मग बाळाला घ्या. अंगावर पाजत असाल तर बंद हॉलमधल्या रेंजवर जाणं सध्या थांबवा आणि बाळाच्या डॉक्टरांना शिशाच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. घरी काडतुसांशिवाय सराव करता येतो. मी धाकट्याच्या वेळी पूर्ण वर्षभर तेवढाच केला होता.