नातवंडं बागेतली भाजी खात नाहीत तेव्हा

"एवढ्या मायेनं पिकवते, पण नातवंडं तोंडही लावत नाहीत. जरा आग्रह केला की सूनबाईंचा चेहरा पडतो." परसबाग करणाऱ्या आजी-आजोबांकडून ही व्यथा मी वरचेवर ऐकते. त्यातल्याच एका आजींची ही हकिकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आजी सत्तरीच्या. यजमान गेल्यावर या बागेनंच त्यांना सावरलं होतं. सुट्टीत मुलगा, सून, ६ वर्षांची नात आणि १३ वर्षांचा नातू येणार म्हणून त्यांनी वाटाण्याच्या शेंगा वेलीवरच राखून ठेवल्या. शेंगा जून झाल्या. पालक पाहून नातीनं नाक मुरडलं, 'दोन घास तरी खा' म्हणताच ती रडायला लागली. निघताना सुनेनं पिशवीतली अर्धी भाजी काढून ठेवली. "आमच्याकडे वाया जाईल हो, आई."

आजी मला म्हणाल्या, "भाजी नाही हो, मलाच नको म्हटलं त्यांनी."

आम्ही या वाक्यापाशी बराच वेळ थांबलो. एकटेपणाचे दिवस ज्या वाफ्यांत गेले, तिथली भाजी कुणी दूर सारली की लागणारच. त्यांचं दुःख खरं होतं. पण त्या नकाराचा जो अर्थ त्यांनी लावला, तो नातीच्या मनात नव्हता. अनोळखी चवीची धास्ती साधारण २ ते ६ या वयात सर्वात जास्त असते, आणि कडवटपणा मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक जाणवतो. एखादी भाजी आवडू लागण्याआधी ती ८-१० वेळा, कधी १५ वेळाही चाखावी लागते. बळजबरी केली तर नावड पक्की होते. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी यासाठी जबाबदारीची वाटणी सुचवली आहे: काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. आजींना ही वाटणी पटायला वेळ लागला. "म्हणजे तिनं टाकलं तरी मी गप्प बसायचं?" हो, आणि पुढच्या वेळी पुन्हा थोडंसं वाढायचं.

मला त्यांना याहून महत्त्वाचं सांगायचं होतं: नातीला ताटातली भाजी देण्याआधी तोडणी द्या. वाटाणा तोडला की त्यातल्या साखरेचा स्टार्च होऊ लागतो, म्हणून वेलीपाशी उभं राहून सोललेला कोवळा दाणा सर्वात गोड लागतो. ती गोडी ताटापर्यंत तशीच पोचत नाही. घेवडा जितका तोडाल तितका पुन्हा फुलतो, तेव्हा मुलांच्या हातानं नुकसान होईल ही भीती नको (या शेंगा मात्र शिजवूनच द्याव्यात). लाल छोटा मुळा २५-३० दिवसांत तयार होतो. मुलं येण्याच्या महिनाभर आधी पेरलेली एक ओळ नातीच्या नावाची. तिनं ती कच्ची उपटली तरी रागवायचं नाही, एवढी अट मी आजींना घातली.

सुनेचं वागणं मला चुकीचं वाटलं नाही. लांबचा प्रवास, घरी पोचताच कामाची घाई, त्यात निवडायची पालेभाजी, म्हणजे मायेचं ओझंच. पिशवी भरण्याआधी विचारा, "किती न्यायला जमेल?" उरलेलं शेजारी द्या.

पुढच्या सुट्टीनंतर आजी आल्या तेव्हा मोकळेपणानं बोलत होत्या. नातीनं वेलीपाशीच पोटभर वाटाणे खाल्ले, पालकाला अजून हात लावला नव्हता. सुनेनं स्वतःहून घेवडा मागून नेला. नातू मात्र वेलीला आधाराच्या काठ्या बांधून लगेच फोन घेऊन आत गेला, याची त्यांना खंत होती. त्याला बागेत ओढू नका, असं मी सांगितलं. या वयात मुलांना सारखी भूक लागते. तो स्वयंपाकघरात आला की शेंगा सोलता सोलता त्याच्याशी त्याच्या विषयावर बोला, आणि त्यानं चार शेंगा सोलल्या तर तेवढ्याच घ्या.